टेपखालचा आकडा

वैजनाथ सलगर माणसाचं नाव विसरेल, पण त्याच्या घरच्या मीटरवर गेल्या महिन्यात काय आकडा होता ते विसरणार नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात चाळीसेक गावांमध्ये बावीस वर्षं फिरून त्यानं विजेच्या मीटरची रीडिंग घेतली होती. चार वेळा कुत्री चावली, एकदा म्हशीनं उचलून गोठ्याबाहेर टाकलं, तरी त्याचा आकडा कधी चुकला नाही. आता पन्नाशी गाठल्यावर कंपनीनं त्याला ऑफिसात टेबल दिलं होतं. अधूनमधून तपासणीला जायचं, एवढंच बाहेरचं काम उरलं होतं.

त्याची बायको हरणाबाई खवा करायची. वाशीपासून तीन किलोमीटरवर त्यांची वस्ती, तिथं पाच म्हशी आणि पत्र्याखाली दोन कढयांची भट्टी. आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूधही तिच्याकडंच यायचं. रोज सकाळी खव्याचे डबे धाराशिवच्या एका मिठाईवाल्याकडं एसटीनं जायचे. डबे वाशीच्या स्टँडवर चढवायचे, आणि तिकडं शिकायला राहिलेली त्यांची मुलगी करिश्मा कॉलेजच्या आधी ते उतरवून घ्यायची, अशी सगळी व्यवस्था होती.

एप्रिलमध्ये एके दिवशी ही एसटी येरमाळ्याच्या अलीकडं बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत दुपारचा एक वाजला. अठरा किलो खवा उन्हात तापलेल्या डिकीत पडून राहिला. करिश्मानं डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच लावून टाकलं. मिठाईवाल्यानं तर डबे दुकानात घेऊच दिले नाहीत.

संध्याकाळी हरणाबाई भट्टीसमोरून उठली, हात पुसले आणि म्हणाली, "अवो, आता आपली गाडी घ्यायची. नवी न्हाय परवडत. जुनी घेऊ, पण घ्यायचीच."

वैजनाथ तर याच दिवसाची वाट बघत होता. तो लगेच म्हणाला, "घेऊ की. पण माझी एकच अट. पन्नास हजार किलोमीटरच्या आत फिरलेली पायजे."

"फिरलेली किती ते बघायचं का चालती कशी ते बघायचं?"

"आकडा कधी खोटं बोलत न्हाय, हरणे," वैजनाथ म्हणाला. बावीस वर्षं तो हेच वाक्य वीज ग्राहकांना ऐकवत आला होता.

सुट्टी लागल्यावर करिश्मा घरी आली. तिनं मोबाईलवर गाड्यांच्या जाहिराती धुंडाळल्या आणि जिल्ह्यातल्या दोन गाड्या नेमक्या काढल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, लहान, पांढऱ्या, किंमतही जवळपास सारखी. एक परंड्याला होती आणि एक नळदुर्गला. परंड्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त ९,८७० किमी'. नळदुर्गच्या जाहिरातीत किलोमीटरचा उल्लेखच नव्हता. 'प्रत्यक्ष येऊन बघा' एवढंच.

"जो आकडा सांगत न्हाय त्याच्या मनात काळं असतंय," वैजनाथ म्हणाला. "आधी परंडा."

वाशीतला मेकॅनिक सिदू त्या दिवशी लग्नाला गेला होता, म्हणून तिघंच गेले.

परंड्यात बलभीमअण्णा आणि मथुराबाई हे जोडपं राहत होतं. अण्णा भूमी अभिलेखच्या नोकरीतून बारा वर्षांपूर्वी रिटायर झाले, तेव्हा पुण्याच्या मुलानं त्यांना ही गाडी घेऊन दिली. मुलगा रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरायचा आणि अण्णा महिन्यातून एकदा त्याला आणायला जायचे. पुढं मुलानं स्वतःची गाडी घेतली. तेव्हापासून अण्णांची गाडी चिंचेखालच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी होती.

अण्णांनी कव्हर ओढलं आणि वैजनाथचे डोळे लकाकले. अंगावर एक ओरखडा नव्हता. मागच्या सीटचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

तो आधी मीटरकडं गेला. पण वैजनाथ साधाभोळा नव्हता. मीटर मागं फिरवणारे त्यानं जन्मभर पकडले होते. त्यानं खाली वाकून ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर बघितलं, त्यावरच्या रेघा तशाच्या तशा होत्या. स्टिअरिंगवर हात फिरवला, कुठं गुळगुळीत झालेलं नव्हतं. चावीच्या भोकाभोवती चरेही नव्हते.

"आकडा खरा हाय," त्यानं उठून जाहीर केलं.

"खराच असणार," बलभीमअण्णा जरा दुखावून म्हणाले. "चालवलीच न्हाय तर फिरणार कशी?"

"यांच्या शेजारी बसायला मला भ्या वाटतंय," मथुराबाई चिवड्याच्या बश्या ठेवत म्हणाल्या. "म्हणून म्याच चालवू देत न्हाय."

गाडी चालू होईना. अण्णांनी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागवली, वायरी जोडल्या, तेव्हा ती दोन-तीनदा खोकून सुरू झाली. करिश्माला चालवता येत होती. तिनं किल्ल्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारली. ब्रेक दाबून सोडला की चाक क्षणभर धरून ठेवल्यासारखं वाटायचं. हरणाबाईनं मागचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि मागं सरली. रोज दुधाशी काम असल्यामुळं तिच्या नाकापासून कुठलाही वास लपत नसे.

"उंदराचा वास यायलाय."

"चिंचेखाली उभी हाय, येणारच थोडा," वैजनाथ म्हणाला.

करिश्मानं सिदूला फोन लावला. मागं सनई वाजत होती. सिदू ओरडून म्हणाला, "टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतोय, तेवढा वाचा!"

आकडा वाचायचा म्हटल्यावर वैजनाथ पुढं झाला. "एक, आठ, एक, तीन."

"म्हंजे दोन हजार तेराच्या अठराव्या आठवड्यातलं टायर. भाऊ, बारा वर्षं झाली. रबर म्हातारं झालंय ते."

"अरे पण नक्षी बघ की! बोटाचं पेर आत जातंय."

"नक्षीला काय करायचंय? कडेला बारक्या भेगा हायत का बघा."

भेगा होत्या. पण वैजनाथनं तिकडं फार लक्ष दिलं नाही. त्याचा हात खिशातल्या इसाराच्या पाकिटाकडं गेला होता. हरणाबाईनं ते बघितलं आणि बलभीमअण्णांना म्हणाली, "अण्णा, आमाला अजून एक गाडी बघायचीय. ती बघून सांगितलं तर चालंल का?"

"चालंल की. बारा वर्षं थांबलीय, अजून बारा दिवस थांबंल," अण्णा म्हणाले. वैजनाथनं नाइलाजानं हात खिशातून काढला.

दोन दिवसांनी तिघं नळदुर्गला गेले. गाडीचा मालक ईरण्णा बसस्टँडमागं राहायचा. साठी ओलांडलेला, सडपातळ, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सोलापूरच्या एका रक्त तपासायच्या लॅबसाठी तो नळदुर्गच्या आसपासच्या दवाखान्यांमधून नमुने गोळा करायचा आणि रोज सोलापूरला पोचवायचा. आता लॅबनं स्वतःची गाडी घेतली होती आणि ईरण्णाचं काम थांबलं होतं.

"नोडी, बघा," त्यानं गाडीकडं हात केला. "या अक्का, तुमी पण बघा."

बंपर एका कोपऱ्यात दबलेला होता. बॉनेटवर बारीक खड्यांचे टवके होते. वैजनाथनं दार उघडलं, मीटरकडं वाकला आणि थबकला. काट्याखाली जिथं किलोमीटरचा आकडा दिसतो, त्या बारक्या खिडकीवर काळी टेप चिकटवलेली होती.

"ही तर आमची टेप हाय!" तो म्हणाला. वायरला गुंडाळायची ती काळी टेप तो बावीस वर्षं खिशात घेऊन फिरला होता. "हे काय लावलंय?"

"आधी गाडी बघा, मंग आकडा," ईरण्णा शांतपणे म्हणाला. "चौघं येऊन गेले. चौघांनी आधी आकडाच बघितला आन चहा पण न घेता गेले. आता म्या ठरवलंय. गाडी चालवा, हात लावा, काय विचारायचं ते विचारा. मंग टेप काढतो."

"आवो, पण मीटर न बघता—"

"लग्न ठरवताना पोरीचं वजन करताव का आधी?" ईरण्णानं विचारलं, आणि करिश्मा तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

किल्ली फिरवताच गाडी चालू झाली. आवाज एकसारखा. ईरण्णा आणि हरणाबाई मागं बसले. अणदूरच्या दिशेनं हायवेला लागल्यावर करिश्मानं स्टिअरिंगवरचे हात जरासे सैल सोडले. गाडी सरळ रेषेत चालली. जोरात ब्रेक मारला तर ती जागच्या जागी थांबली, इकडं ना तिकडं.

"दोन गोष्टी आधीच सांगतो," ईरण्णा मागून म्हणाला. "मागचं डावं दार आतनं उघडत न्हाय, बाहेरनं उघडावं लागतंय. आन क्लच उंच धरायलाय. चार-सहा महिन्यांत बदलावा लागंल."

"हे आमाला कशाला सांगायलाव?" हरणाबाईनं आश्चर्यानं विचारलं.

"अक्का, या गाडीत लोकांचं रक्त न्यायचो म्या. रस्त्यात बंद पडून चालायचं न्हाय. कुणाचं औषध थांबलेलं, कुणाचं ऑपरेशन. तवा हिच्यात काय दुखतंय ते मला ठाव असायचंच. तुमाला कळलंच असतं नंतर, मंग शिव्या घातल्या असत्या."

वैजनाथनं सवयीप्रमाणे ब्रेकची पायपट्टी बघितली होती, तिच्यावरचं रबर नवं घातलेलं होतं. ईरण्णानं तेही लपवलं नाही. "दोनदा बदललंय," तो म्हणाला. आता मात्र वैजनाथला राहवेना. परत आल्यावर गाडीभोवती फिरत तो म्हणाला, "सांगू? सत्तर हजार. फार तर पंच्याहत्तर."

"पंच्याहत्तर हजार फिरलीय असं वाटतंय?"

"वरनं जरा खराब हाय, पण आतनं तेवढीच."

ईरण्णानं नखानं टेप काढली. वैजनाथनं आकडा वाचला. चष्मा पुसला. परत वाचला.

दोन लाख अठरा हजार सहाशे चाळीस.

ईरण्णानं विचारलं, "चहा घेणार का जाणार?"

"घेणार," हरणाबाई म्हणाली आणि ओट्यावर बसली.

चहा आणताना ईरण्णाच्या बायकोनं, सारजाबाईनं, तारेला ओवलेला पावत्यांचा जाडजूड गठ्ठा आणून वैजनाथच्या मांडीवर ठेवला. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल, ठरल्या वेळी पट्टा, ठरल्या वेळी टायर. ईरण्णा म्हणाला, "गावातली गाडी दिवसातनं वीस वेळा चालू करायची, वीस वेळा बंद करायची. माझी सकाळी एकदा चालू व्हायची आन टॉप गियरला जी पळायची ती सोलापुरातच थांबायची. पळणाऱ्याला थकवा न्हाय सायब, उठ-बस करणाऱ्याला असतोय."

परतीच्या रस्त्यावर एसटीत बसल्या बसल्या करिश्मानं हिशेब केला. "अप्पा, ही गाडी पृथ्वीभोवती पाच वेळा फिरून आलीय."

"म्हणूनच नको," वैजनाथ म्हणाला. "सहाव्या फेरीत आपण हाव."

घरी आल्यावर वाद सुरू झाला आणि तो आठवडाभर चालला. मायलेकी नळदुर्गच्या बाजूनं, वैजनाथ एकटा परंड्याच्या बाजूनं. जेवताना, भट्टीपुढं, म्हशींना पाणी दाखवताना, कुठंही तो सुरू व्हायचा.

"लोक विचारतील किती फिरलीय, तर काय सांगू? दोन लाख अठरा हजार?"

"लोकांना बसवून न्यायचंय का खवा न्यायचाय?" हरणाबाई कढईतला उलथना आपटून विचारायची. "ती परंड्याची गाडी उठवायला ट्रॅक्टर आणावा लागला. आपल्याला पहाटे कुणाचा ट्रॅक्टर सापडणार हाय?"

"बॅटरी बदलली की झालं. बाकी कोरी हाय ती. कोरी!"

शेवटी हरणाबाईनं भांडण आवरतं घेतलं. "असं करू. आठ दिवस विचार करा. पण दोन्ही गाड्या सिदूला दाखवल्याबिगर कुठल्या कागदावर सही करायची न्हाय."

त्याच आठवड्यात वैजनाथला ऑफिसनं पारगावला पाठवलं. जिथं महिनोन्‌महिने जवळपास शून्य युनिट वापर दिसतो, तिथं मीटर बंद आहे का चोरी होतेय ते जाऊन बघायचं काम होतं. यादीत पहिलं नाव शिवराज नावाच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाचं होतं. त्याचं सुंदर घर. गच्चीला स्टीलचं रेलिंग, दाराला नक्षी. वर्षभरात अकरा युनिट. योगायोगानं शिवराज त्याच दिवशी बायकामुलांना घेऊन गावी आलेला होता आणि कपाळाला हात लावून अंगणात बसला होता.

"साहेब, बरं झालं आलात," तो म्हणाला. "मेन चालू केला तर सैपाकघरातनं ठिणग्या आल्या. पंखा नुसता गुणगुणतोय, फिरत न्हाय. मोटार जाम झालीय. नळ उघडला तर बंदच होईना, वायसर तुकडे होऊन पडले. आन घर तर नवं कोरं हाय! तीन वर्षांत तीस दिवस पण राहिलो न्हाय आमी."

वैजनाथनं मेनचा डबा उघडला. वायरीवरचं आवरण उंदरांनी सोलून काढलं होतं. मीटर अगदी व्यवस्थित होतं. अकरा युनिट हा आकडा खरा होता.

रस्त्यापलीकडं गजराबाईची पिठाची गिरणी घरघरत होती. गजराबाई साठीची, पदर खोचून एका हातानं गिरणीच्या बेअरिंगला तेल घालत होती. तिच्या मीटरवरचा आकडा बघायला वैजनाथला मीटरजवळ जावंच लागलं नाही. तिचा वापर त्याला पाठ होता, सगळ्या गावात जास्त.

"मावशी, किती वर्षांची गिरणी ही?"

"सासूच्या वेळची. कामून?" गजराबाईनं विचारलं. "बिल वाढवताव का काय?"

"न्हाय, न्हाय. सहज विचारलं."

"मोठ्यानं बोला, ही बंद करता येत न्हाय. पायल्या खोळंबल्यात."

वैजनाथ पेन हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एका बाजूला शिवराज 'नवं कोरं, नवं कोरं' म्हणत नळाला चिंधी बांधत होता, दुसऱ्या बाजूला गिरणी चालली होती. मागून आलेल्या टमटमवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा तो बाजूला झाला. एकटाच हसला. बावीस वर्षं आपण आकडा वाचला, पण मीटर नुसतं किती चाललं तेवढं सांगतंय, जपलं का न्हाय ते सांगत न्हाय, असं त्याच्या मनात आलं. शिवराजच्या घरातला मेन बंद करून, वायरमनला बोलावून दिल्याशिवाय मात्र तो तिथून हलला नाही.

घरी गेल्यावर त्यानं यातलं अवाक्षर काढलं नाही. आठवडाभर भांडून एका दिवसात हार कशी मानायची? तो गुपचूप सिदूकडं गेला. "रविवारी चल माझ्यासंगं. दोन्ही गाड्या नीट बघ. हरणीला सांगू नको, आपण तपासणीला चाललोय म्हणायचं."

सिदू तिशीतला, बोलायला फटकळ, पण हाताचा सच्चा. परंड्याला त्यानं बॉनेट उघडलं आणि बलभीमअण्णांच्या हातात टॉर्च दिला. रबरी नळी दाबली तर ती पापडासारखी कडकली. पट्ट्याला चिरा होत्या. मग त्यानं हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं आणि आतून कागदाच्या कपट्यांचं गोल गरगरीत घरटं बाहेर आलं. पिवळे, लाल, सोनेरी कपटे.

मथुराबाईंनी त्यातला एक कपटा उचलून उजेडात धरला. "आगं बाई! ही तर आपल्या शिवांजलीच्या लग्नाची पत्रिका! उरलेला गठ्ठा शेडमध्ये ठेवला हुता तुमी!"

"मंग काय," सिदू म्हणाला, "लेकीच्या लग्नाला उंदरांना आमंत्रण गेलं."

अण्णांसकट सगळे हसले. मग सिदू हात पुसत गंभीरपणे म्हणाला, "अण्णा, गाडी वाईट न्हाय. बसून बसून आखडलीय. चार टायर, पट्टा, नळ्या, बॅटरी, ब्रेक, थोड्या वायरी, एवढं करावं लागंल. आन मंग रोज चालवावी लागंल. थोडी थोडी चालवली तर अजून दहा वर्षं जाईल."

"मी पंधरा हजार कमी करतो," अण्णा वैजनाथला म्हणाले.

वैजनाथला वाईट वाटलं. माणूस एका शब्दानंही खोटं बोलला नव्हता. "अण्णा, पैशाचं न्हाय. मला रोज सकाळी जाऊन-येऊन नव्वद-शंभर किलोमीटर जायचंय, उद्यापासनं. हिला एकदम एवढं पळवायला नको. तुमीच चालवा की हिला."

"ही चालवू देईल तवा," अण्णा मथुराबाईंकडं बघत पुटपुटले.

नळदुर्गला ईरण्णानं गाडी ओळखीच्या गॅरेजात रॅम्पवर चढवून ठेवली होती. सिदू खाली आडवा झाला तो अर्धा तास बाहेर आला नाही. नंतर त्यानं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर येतो का बघितलं, नाक लावून वास घेतला, सायलेन्सरवर तळहात धरला. गाडीतून दोन फेऱ्या मारल्या.

"क्लच," तो शेवटी म्हणाला.

"ते म्या सांगितलंय," ईरण्णा म्हणाला.

"आन पुढच्या चाकाचं एक रबर गेलंय. खड्ड्यात टकटक वाजतंय."

ईरण्णाचा चेहरा पडला. "ते मला ठाव नव्हतं. आईची शपथ."

"हजार-दीड हजाराचं काम हाय, जिवाला लावून घेऊ नका," सिदू म्हणाला आणि वैजनाथकडं वळला. "भाऊ, क्लच आन रबर करून टाका. मंग लाखभर किलोमीटर हिच्याकडं बघायचं काम न्हाय. ऑइल तेवढं वेळेवर."

वैजनाथनं खिशातलं पाकीट काढलं. ईरण्णानं रबराचे आणि क्लचचे पैसे स्वतःहून किमतीतून कमी केले. घासाघीस करायला वैजनाथला संधीच मिळाली नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

रात्री जेवताना तो घसा साफ करून म्हणाला, "म्या नीट विचार केला. नळदुर्गची घ्यायची. टायर, पट्टा, नळ्या, सगळं बघून ठरवलंय."

करिश्मानं आईकडं बघितलं. हरणाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "व्हय का? तुमी म्हणताव तर घेऊ." मग दोघींना हसू आवरेना. सिदूनं संध्याकाळीच फोन करून सगळं सांगून टाकलं होतं.

गाडी द्यायच्या दिवशी सारजाबाईनं बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि ओंजळीभर तांदूळ टाकले. ईरण्णा उगाच काच पुसत राहिला. "सकाळी चालू केली की लगेच पळवू नका, मिनिटभर श्वास घेऊ द्या," असं त्यानं करिश्माला तीनदा सांगितलं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी पहाटे खव्याचे डबे पहिल्यांदा गाडीतून निघाले. करिश्मा चालवत होती, हरणाबाई पुढं, आणि वैजनाथ मागं, मांडीवर एक डबा आणि उजव्या बाजूला दारापर्यंत चार. येरमाळा मागं पडलं तेव्हा उजाडत होतं. सात वाजता गाडी धाराशिवात मिठाईवाल्याच्या दुकानापुढं उभी राहिली. दुकानदार शटर वर करत होता. त्यानं डब्यात बोट घालून चव घेतली आणि म्हणाला, "मावशी, अजून कोमट हाय की!" हरणाबाईला एवढा आनंद झाला की ती उतरायचं विसरून गेली. उतरायचं वैजनाथलाही जमेना, कारण तो डाव्या बाजूला बसला होता. आतून दार ढकलून ढकलून तो शेवटी काचेवर टकटक करायला लागला, तेव्हा दुकानातल्या पोऱ्यानं येऊन दार उघडलं.

जुलैत क्लच गेला. सिदूनं दोन दिवसांत बदलला, ते दोन दिवस डबे एसटीनं गेले. बाकी गाडीनं तक्रार केली नाही. वस्तीवरचे लोक विचारायचे, "किती फिरलीय?" पहिल्यांदा वैजनाथ "बरीच" म्हणून वेळ मारून न्यायचा. नंतर तो सगळा आकडा शेवटच्या शून्यापर्यंत सांगायला लागला, आणि समोरच्यानं भुवया उंचावल्या की त्याला गाडीत बसवून चक्कर मारून आणायचा. कॉलेज सुरू होऊन करिश्मा परत धाराशिवला राहायला जायच्या आधीच हरणाबाईनं वाशीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकून घेतली, पुढच्या सीटवर डबे आले आणि वैजनाथची मागच्या सीटवरची जागा कायमची झाली.

श्रावणात बलभीमअण्णांचा फोन आला. त्यांनी गाडी दुरुस्त करून घेतली होती आणि विकायचा विचार सोडला होता. "रोज सकाळी हिला शेतात नेतो आन आणतो," ते म्हणाले. "पहिले आठ दिवस डोळे मिटून बसायची. आता मला म्हणतीय, त्या ट्रॅक्टरच्या पुढं काढा." मागून मथुराबाईंचा आवाज आला, "उंदराचं पण विचारतील ते, सांगा की, औषध ठेवलंय म्हणून!"

दिवाळीच्या आधी एका रविवारी ईरण्णा आणि सारजाबाई एसटीनं वस्तीवर आले. येण्याचं कारण विचारलं तर ईरण्णा म्हणाला, "कळंबला पाहुण्याकडं चाललो हुतो, म्हटलं वाटेत उतरावं." सारजाबाई हसून म्हणाली, "कुठला पाहुणा? चार दिवस झालं, गाडी बघून येऊ, गाडी बघून येऊ करायलेत."

हरणाबाईनं ताजा खवा साखर घालून वाटीतून दिला. ईरण्णानं वाटी हातात घेतली, पण त्याची नजर अंगणातल्या गाडीवरच होती.

"घेऊन या की एक चक्कर," वैजनाथनं किल्ली पुढं केली.

"आता वय झालं, कशाला," ईरण्णा म्हणाला आणि किल्ली घेतली.

तो वस्तीच्या रस्त्यावरून निघाला तेव्हा चार वाजले होते. साडेचार झाले, पाच झाले. सारजाबाई दारात जाऊन बघून आली. म्हशींच्या धारा सुरू झाल्या. वैजनाथ फोन लावायच्या बेतात होता तेवढ्यात गाडी धूळ उडवत आली. ईरण्णाच्या कपाळावर कुंकू होतं, मागच्या सीटवर नारळ आणि हार.

"येरमाळ्याला जाऊन आलो," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. "रस्ता लई बेस झालाय वो. म्हटलं, आलोच हाव तर येडाईचं दर्शन घेऊ."

"आन मी?" सारजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मला दर्शन नको?"

ईरण्णानं वैजनाथकडं बघितलं. वैजनाथनं हरणाबाईकडं. हरणाबाईनं दुधाची बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला, समदेच जाऊ. मी चालवते."